स्मितानं पाठवलेला पंप

दिवाळी अंकवाल्यांनी निरोप धाडला, मिस्त्री, पन्नास वर्षांतल्या गमतीजमती लिहून द्या. गमती आहेत, दोन पोती भरतील. पण मी एकाच गाडीचं लिहिणार आहे आणि त्यात गंमत थोडीच आहे. छापायचं तर छापा, नाहीतर कागद परत द्या. त्या कागदांचं मला दुसरीकडं काम आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्वदीर्घ तुम्ही बघून घ्या, मजकुराला हात लावू नका.

उद्यमनगरात माझं गॅरेज. बाहेर पाटी नाही, कधी लावलीच नाही. जुनी परदेशी गाडी बंद पडली आणि शोरूमवाल्यांनी आता ह्याचा पार्ट येत नाही म्हणून हात वर केले, की माणूस विचारत विचारत माझ्याकडं येतो. ज्यांनी आमचा भाग बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथं एका गल्लीत फौंड्री, दुसऱ्या गल्लीत लेथ, तिसऱ्या गल्लीत गिअरचे दात पाडणारे. मोडका तुकडा घेऊन सकाळी आलात तर संध्याकाळी तसाच नवा तुकडा घेऊन घरी जाता. ह्याला आम्ही नमुन्यावरचं काम म्हणतो. नकाशा नाही, कागद नाही. कारागीर नमुना हातात घेतो, फिरवून बघतो, माप घेतो आणि करायला लागतो. असली कामं करतच आमच्यासारख्यांची दोन-तीन पिढ्यांची पोटं भरली. त्यामुळं आम्हाला वाटतं की आपल्याला येत नाही असं काही नसतंच. जर्मनीत माणसंच हायत न्हवं, मग हितं काय हाय, हे वाक्य मी गिऱ्हाइकांपुढं किती वेळा फेकलं असेल त्याला मोजदाद नाही.

दुसरं म्हणजे माझा कान. लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, टोक चालू इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डॉक्टर छाती बघतो तसं. कुठलं बेअरिंग घासतंय, कुठं तेल पोचत नाही, सगळं ऐकू येतं. गारगोटीचे एक डॉक्टर होते, जुनी विलायती गाडी बाळगून. त्यांना दर महिन्याला गाडीत टकटक ऐकू यायची आणि ती त्यांनाच यायची. चार मेकॅनिकांनी त्यांना वेड्यात काढलं. मी त्यांच्या शेजारी बसून गारगोटीपर्यंत गेलो, डोळे मिटून. परत आल्यावर डाव्या दाराचा पत्रा उघडला. आत पूजेची सुपारी. गाडी नवी आली तेव्हा कुणीतरी काचेच्या फटीतून आत पाडलेली, वीस वर्षं वळणावर गडगडत होती. डॉक्टरांच्या बायकोनं ती सुपारी देव्हाऱ्यात परत ठेवली. त्या सुपारीनं माझं नाव झालं, आणि माझं डोकंही तिथंच फिरलं असं आता वाटतं. कानानं ऐकलं ते खरं, बाकी दुनिया खोटी, असं मी वागायला लागलो.

आता गाडीकडं येतो.

आण्णा म्हणजे गुळाचे व्यापारी. गाव नृसिंहवाडीच्या अलीकडं, जैन घर, मळा, आणि दुकान इथं शाहूपुरीत. आडनाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. त्यांची मुलगी स्मिता चौथीत होती तेव्हा त्यांनी ती गाडी घेतली. जर्मन, डिझेलची, गडद निळी, बोटीसारखी लांब. गावात पहिल्यांदा आली तेव्हा पोरं तिच्यामागं पळाली होती. तेव्हापासून ती माझ्याच हाताखाली. मीटर पाच लाखांच्या पुढं जाऊन बंद पडलं, आण्णा म्हणाले राहू द्या, आता वय कशाला मोजायचं. आण्णा पुढं, वैनी मागं. वैनी म्हणजे आण्णांच्या मंडळी. मळ्यातनं येताना मागच्या सीटवर मांडीवर सूप घेऊन शेंगा सोलायच्या आणि एक टरफल गाडीत पडू द्यायच्या नाहीत. गॅरेजात आल्या की माझ्यासाठी मूठभर दाणे कागदात बांधून ठेवलेले असायचे. आण्णांची माझी भांडणं व्हायची, ऑईल बदलण्यावरनं, टायरांवरनं. दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं म्हणून ते साडेचारला भांडण अर्धवट टाकून निघायचे, दुसऱ्या दिवशी फोन करून पुरं करायचे.

लोक विचारतात एवढी जुनी भारी गाडी कशाला सांभाळायची. त्या गाडीचा गुण सांगतो. तिच्या बुडाखाली ज्या स्प्रिंगा आणि तेलाचे गोळे असतात, ते नीट ठेवले तर खड्डा गाडीला लागतो, माणसाला लागत नाही. नव्या गाड्यांत पडदा मोठा असतो, टीव्हीसारखा. पाठ मात्र खड्ड्यात जाते.

हे सहा वर्षांपूर्वी आण्णांना फार उपयोगी पडलं. वैनींच्या मणक्यात गाठ निघाली. पसरलेली होती. कोल्हापुरात रोज शेक द्यायचा ठरला, म्हणजे मशीनची किरणं, आठवड्यातनं पाच दिवस, पाच आठवडे. गाव ते कोल्हापूर, रोज जायचं आणि रोज परत. इथं खोली घेऊन राहू म्हटलं तर वैनी तयार होईनात, त्यांना रात्री आपल्याच घराचं छप्पर पाहिजे होतं. पहिल्या दिवशी अँब्युलन्स केली. प्रत्येक स्पीडब्रेकरला त्या ओरडल्या. आण्णा त्याच संध्याकाळी माझ्याकडं आले. जेवायची वेळ टळून गेलती. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

"मिस्त्री, आपल्या गाडीतनं न्यायची. काय करायचं ते करा, पर तिला कळू देऊ नका रस्ता हाय म्हणून."

मी दोन दिवसांत केलं. पुढची डावी सीट काढून टाकली. डिकीच्या बाजूपासून पुढपर्यंत सरळ फळी बसवली, वर काथ्याची गादी, तिच्यावर फोम. फळीच्या चार कोपऱ्यांना लोखंडी कड्या, म्हणजे चौघांनी धरून वैनींना फळीसकट उचलायचं, वाकवायचं नाही. सगळं माप गाडीच्या आतनं घेतलेलं, एक सूतभर फरक नाही. बुडाखालचे गोळे नवे केले. पहिल्या दिवशी आण्णांनी दवाखान्यातनं फोन केला. म्हणाले, हातकणंगल्यापासनं झोपलीय ती, उठवायचं जिवावर आलंय. मी फोन ठेवला आणि गॅरेजात बसून राहिलो. एवढं समाधान मला कधी झालं नव्हतं. हे मी मान्य करतो, कारण पुढचं त्यातनंच झालं.

दुसऱ्या आठवड्यात स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला तेव्हा इंजिनाच्या तोंडाशी बारीक खरखर आली. तिथं मुठीएवढा एक पंप असतो. तो हवा ओढतो. त्या ओढीवर ब्रेक हलका होतो, दारांची कुलपं बसतात, किल्ली फिरवली की इंजिन बंद होतं. पंपाच्या पोटात बोटाच्या पेराएवढी चकरी असते, बेअरिंगवर फिरणारी. ती फुटली तर तिचे तुकडे इंजिनाच्या साखळीत पडतात, साखळी तुटते आणि आतलं सगळं एकमेकांवर आदळून इंजिन जागच्या जागी मरतं. म्हणून त्या पंपाशी खेळ करायचा नसतो, हे मलाही ठाऊक होतं.

स्मिता तोवर पुण्यात इंजिनिअर झालेली. आण्णांकडनं कळल्यावर तिनं फोन केला. म्हणाली, काका, मी पंप मागवते, थेट कंपनीचा, बारा-पंधरा दिवस लागतील. मी म्हटलं बारा दिवस गाडी उभी करता येत न्हाय, रोज जायचं हाय, तंवर मी करून घालतो. ती म्हणाली, "काका, तोपर्यंत ठीक आहे. पण आईच्या गाडीत लेथवर केलेला पार्ट कायमचा नको."

तिचं बरोबर होतं. पण मला ते कसं लागलं ते सांगतो. मी तिला चौथीपासून बघतोय, माझ्या गॅरेजात बसून ती अंगावर ऑईल घेऊन गेलेली पोरगी, आणि तीच माझ्या कामाला लेथवरचा पार्ट म्हणाली. मला वाटलं, ही गाडी इतकी वर्षं पुण्याच्या इंजिनिअरांनी चालवली काय?

बाबालाल म्हणून माझा लेथवाला दोस्त. त्यानं माझ्यासमोर बसून काम केलं. बेअरिंगऐवजी गनमेटलचा बुश, म्हणजे पितळेसारख्या धातूचं कडं, त्यावर चकरी, मधे पोलादाची पिन. पिनेला भट्टीतनं काढून पाणी दिलं, म्हणजे कडक केली. तुकडा माझ्या तळहातावर ठेवून म्हणाला, "दोस्ता, पाणी कमी झालं तर झिजंल, जास्त झालं तर तुटंल. माझा अंदाज बरोबर हाय म्हणून मी सांगत न्हाय. दोन आठवड्यानं काढून मला दाखीव." मी व्हय म्हटलं. बसवला. आवाज रेशमासारखा.

दोन आठवड्यांनी, एका रविवारी, आण्णा गाडी आणि एक खोकं घेऊन आले. स्मिताचा पंप आला होता. जाड पुठ्ठा, वर चंदेरी सील. आण्णा म्हणाले, पोरीनं धाडलाय, आज सुट्टी हाय तंवर घाला. गाडी ठेवून ते दुकानाकडं गेले.

पंप बदलायला सहा बोल्ट. तासाभराचं काम. माझ्याकडं आख्खा दिवस होता.

मी स्क्रू-ड्रायव्हर लावला. खरखर नाही, काही नाही. माझ्या कानानं सांगितलं पार्ट चांगला आहे. आणि मनात एक ठरलं, तेही लिहितो. वैनींचे शेक संपले की स्मिता सुट्टीला येईल, तेव्हा तिच्यासमोर दोन्ही वस्तू मांडायच्या. हा तुझा, सीलसुद्धा फोडलेलं नाही. हा माझा, तुझ्या आईला शेवटच्या शेकापर्यंत घेऊन पळालेला. बघ आता लेथवरचा पार्ट. ह्या एका वाक्यासाठी मी ते खोकं गॅरेजातल्या मांडणीवर जुन्या पार्टांच्या मागं सारून ठेवलं. बाबालालला दाखवायचं होतं तेही राहिलं. कारण दाखवायला काढलं असतं तर मग नवाच घालायला लागला असता.

चारला आण्णा आले.

"बसवला?"

"झालं काम," मी म्हटलं.

ते हसले, वैनींनी दिलेली दाण्यांची पुडी काढून ठेवली आणि गेले. त्या दुखण्यातसुद्धा त्यांनी दाणे धाडले होते.

पुढच्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, फोन आला. चोकाकच्या अलीकडं गाडी बंद पडली होती. आधी आवाज आला, मग इंजिनाच्या पोटात काहीतरी मोडल्यासारखं झालं आणि स्टेअरिंग, ब्रेक सगळं दगडासारखं झालं. सत्तरीच्या माणसानं दोन्ही पायांनी ब्रेक दाबून ती बोट रस्त्याच्या कडेला आणली. मागनं उसाची ट्रॉली येत होती, ती हातभर अंतरानं गेली. मी फटफटी काढली.

उन्हं चढली होती. गाडी कडेला उभी, चारी दारं उघडी, आण्णा टोपीनं वैनींना वारा घालत होते. मी बॉनेट उघडलं आणि इंजिन हातानं फिरवून बघितलं. हललं नाही. तेवढं पुरे होतं. काय मोडलं हे मला पंप न उघडता कळलं.

अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलती, तासाच्या वर लागेल म्हणाले. वैनींचं दुखणं औषधानं बांधलेलं असायचं, औषध दवाखान्यात पोचल्यावर मिळायचं, आणि ती वेळ होऊन गेलती. त्या ओरडत नव्हत्या. दात आवळून गाडीच्या छताकडं बघत होत्या. तेवढ्यात एक वडाप आलं, म्हणजे आमच्याकडची माणसं भरून नेणारी जीप. ड्रायव्हरनं बघितलं आणि आपण होऊन थांबला. "चला पावणं, घाला आत," म्हणाला आणि माणसं उतरवली. कुणी कुरकुर केली नाही. एका बाईनं डोक्यावरचं गाठोडं सोडून त्यातली वाकळ अंगाखाली घालायला काढून दिली.

मी, आण्णा, ड्रायव्हर आणि एक जण, चौघांनी कड्या धरून फळी उचलली. जीपपाशी नेली. फळी आत जाईना.

तिरकी करून बघितली, उलटी करून बघितली. मी माप ह्या गाडीचं घेतलं होतं. दुसऱ्या गाडीत ती कधी घालायला लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझी गाडी बंद पडणारच नव्हती ना. शेवटी वैनींना फळीवरनं उतरवून, काखेत हात घालून, जीपच्या बाकड्यावर बसवावं लागलं. ज्या माणसाला वाकवायचं नाही त्याला वाकवलं. माझे हात त्यांच्या पाठीखाली होते.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "जरा हळू."

एवढंच. तेही रागानं नाही, चहात साखर जरा कमी सांगावी तसं. जीपच्या स्प्रिंगा पाट्याच्या, कडक. ती सुरू झाली आणि पहिल्या खड्ड्याला आतनं जो आवाज आला तो मला फटफटीवरसुद्धा ऐकू आला.

वाटेत मणका खचला. त्याच दिवशी पायातली संवेदना गेली. डॉक्टर आण्णांना म्हणाले की हाडं पोखरलेलीच होती, हे असंही कधीतरी झालं असतं. असंही म्हणजे कधी? पलंगावर कूस बदलताना झालं असतं, त्यांच्या घरात. वडापच्या बाकड्यावर नाही.

दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात आण्णा माझ्याजवळ येऊन बसले. टोपी हातात.

"मिस्त्री, काय गेलं?"

"पंप."

"पोरीनं धाडलेला?"

ह्या ठिकाणी मला एक शब्द बोलायचा होता. न्हाय म्हणायचं, बस. त्यांनी मला मारलं असतं, किंवा नसतं मारलं.

"व्हय," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. माझ्यावर संशय घ्यायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. उलट माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

वैनी दीड महिन्यानं गेल्या. शेक पुरे झालेच नाहीत. त्या बुधवारनंतर त्या खोलीबाहेर आल्याच नव्हत्या. मी भेटायला गेलो तीनदा, दारातनंच परत आलो दोनदा.

दुखवट्याला बसायला गेलो तेव्हा घराच्या पुढच्या सोप्यात सगळे पाहुणे. कुणीतरी विचारलं, एवढी भारी गाडी, बंद कशी पडली. आण्णा म्हणाले, "पोरीनं बाहेरनं पार्ट धाडला. त्यो पार्टच गेला. मिस्त्री तंवर चांगला चालवत हुते." स्मिता पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनं ऐकलं. तिच्या आत्यानं तिच्याकडं बघितलं आणि नजर दुसरीकडं नेली. पोरगी पाणी द्यायला आली, मला तांब्या देताना वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, ज्याच्याकडनं घेतला त्याची मी नीट चौकशी करायला पाहिजे होती. तुम्ही म्हणत होता तुमचाच राहू दे. मी ऐकलं नाही."

मी तसं म्हणालो नव्हतो. तिच्या डोक्यात ते तसं बसलं होतं. मी तिच्या हातनं पाणी घेतलं आणि प्यालो.

गाडीचं इंजिन मी सात महिने करत होतो. आण्णा म्हणाले होते, गाडी चालू झाली पाहिजे, ती तिची हाय. बेळगावकडं भंगारात पडलेल्या अशाच गाडीचं हेड मिळालं, पिस्टन कसेबसे जमवले. साखळीच्या पेटीत पिनेचे दोन तुकडे सापडले. बाबालालनं ते उजेडात धरले. तुटलेल्या जागी पोलादाचा कण चकाकत होता, म्हणजे पाणी जास्त झालेलं. त्यानं मला एकच विचारलं, तू आण्णांस्नी सांगितलंस काय. मी म्हटलं सांगतो. त्यानंतरही तो माझी कामं करत राहिला, पण माझ्याकडं चहाला आला नाही. फळी बसवलेल्या जागी सीटच्या सापटीत शेंगेचं एक टरफल निघालं. ते मी टाकलं नाही, पिनेच्या तुकड्यांबरोबर डबीत ठेवलं.

आणि नव्या इंजिनावर मी स्मितानं पाठवलेला पंप बसवला. सील फोडलं, सहा बोल्ट, तासभर. खोकं बंबात जाळलं. मनात म्हटलं, निदान आता गाडीत खरा पार्ट आहे. स्वतःशी असा खोटेपणा करायला माणसाला किती थोडं पुरतं बघा.

आण्णांनी पाच वर्षं ती गाडी चालवली. डावी सीट त्यांनी परत बसवू दिली नाही. शेजारी ती मोकळी जागा घेऊन यायचे, मी ऑईल बदलायचो, भांडण आता व्हायचं नाही. स्मिताचं विचारलं की म्हणायचे, फोन करती की. तिनं बीपीचं मशीन पाठवलं, ते त्यांनी शेजाऱ्याला देऊन टाकलं. स्वेटर पाठवला, तो ट्रंकेत गेला. एकदा मी धीर करून म्हटलं, आण्णा, पोरीवर राग धरू नका. ते म्हणाले, "राग न्हाय, मिस्त्री. पर तिनं धाडलेलं काय बी घरात आलं की मला त्यो पंप आठवतोय." तेव्हा आम्ही दोघंच होतो, गॅरेजात तिसरं कुणी नव्हतं, आणि तो पंप आमच्यापासनं दोन हातांवर बॉनेटखाली होता. मी म्हटलं, व्हय, तेबी खरंच.

गेल्या थंडीत आण्णा झोपेत गेले.

चैत्रात स्मिता गाडी घेऊन आली, गावाकडनं स्वतः चालवत. केसांत पांढरं आलंय तिच्या. म्हणाली, काका, ही विकायची नाही, पुण्याला नेणार आहे, एकदा सगळी बघून द्या. मी बॉनेट उघडलं. तीही शेजारी येऊन वाकली, आता ह्या कामात तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. फडक्यानं तिनं इंजिनाचं तोंड पुसलं. मग मोबाईल काढला, काहीतरी शोधलं आणि वाकून पंपावर कोरलेला सीरियल नंबर वाचायला लागली. एकदा मोबाईल, एकदा पंप. मी कोपऱ्यात पाना शोधत होतो, म्हणजे शोधायचं नाटक करत होतो.

"काका, हा नंबर माझ्या बिलावरचा आहे."

मी शोधणं थांबवलं.

"हा तर मी पाठवलेला पंप. मग मोडला कुठला?"

मी मांडणीवरनं डबी काढली आणि तिच्या हातात दिली. पिनेचे दोन तुकडे बघून ती समजली. टरफल कशाचं ते तिला समजलं नाही, मी सांगितलं. मग बाकीचं सगळं सांगितलं, रविवारचा आख्खा दिवस, चारला आण्णांना काय बोललो, व्हरांड्यात काय बोललो. ती स्टुलावर बसली. रडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल, ओरडलीसुद्धा नाही.

"आण्णांना कधी कळलं?"

"न्हाय कळलं."

"शेवटपर्यंत?"

"न्हाय."

ती डबीचं झाकण लावत होती, उघडत होती. म्हणाली की ती रोज सकाळी फोन करायची, आण्णा विचारायचे जेवलीस काय, आणि ठेवून द्यायचे. सकाळी आठला विचारायचे जेवलीस काय. म्हणजे त्यांना तिच्याशी काय बोलायचं हेच सुचायचं नाही. पाच वर्षं तिनं त्यांना एक वाक्य सांगायचा प्रयत्न केला की मी चांगलाच बघून घेतला होता ओ, आणि ते म्हणायचे, असू दे, जाऊ दे.

मी पाया पडायला वाकलो. तिनं पाय मागं घेतले.

"तसलं काही नको, काका." पुण्याची भाषा गेली तिच्या तोंडातनं. "लिहून द्या. तोंडानं न्हाय, कागदावर. आत्या, चुलते, गावातली माणसं, सगळ्यांनी माझ्याबद्दल त्येच ऐकलंय. त्यांस्नी मी सांगत फिरणार न्हाय. तुमी लिवा."

मी म्हटलं मला लिहायला येत नाही नीट. ती म्हणाली, शिका.

म्हणून हे लिहिलं. चैत्रापासनं लिहितोय, चारदा फाडलं. अंकवाल्यांनी विचारलं ते बरं झालं, आमच्या भागात हा अंक घराघरांत जातो, तिच्या आत्याकडंही जातो. आत्याबाई, वाचत असाल तर पोरीचा पार्ट तुटलेला नव्हता. तुटला तो माझा. तिच्या पार्टाचं सील मी उघडलं नव्हतं.

जाताना ती गाडीत बसली, चावी फिरवली आणि इंजिन चालू ठेवून काच खाली केली. म्हणाली, एकदा ऐकून सांगा, पुण्यापर्यंत जायचंय. मी स्क्रू-ड्रायव्हर आणला, पंपाला टेकवला, मूठ कानाला लावली. बराच वेळ ऐकलं, कारण आता माझ्या कानावर माझा विश्वास नाही. तिलाही म्हटलं, तू उतर, तूच ऐक. ती उतरली, माझ्या हातातनं स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि कान लावून उभी राहिली.

"कसा हाय?" मी विचारलं.

"चांगलाय," ती म्हणाली. "पहिल्यापासनं चांगलाच होता."

स्क्रू-ड्रायव्हर तिनं मला परत दिला नाही. डाव्या बाजूच्या त्या मोकळ्या जागेत ठेवला आणि गेली.